घोषची पाठ

इंदापूर
९ नोव्हेंबर २०२३

चि. मेघना,
सप्रेम जयभीम.

पाकीट पाहून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. हल्ली टपालानं दोनच गोष्टी येतात, विम्याची नोटीस आणि कोर्टाचं समन्स. पण फोनवर बोलायची सोय उरलेली नाही. तुझा भाऊ पुढच्या खोलीत पडून असतो, त्याचे कान पूर्वीपेक्षा तिखट झालेत, आणि मधली भिंत अशी की मी इकडे उसासा टाकला तर तो तिकडून विचारतो, "मामा, काय झालं?" तुझी आई फोनवर "बरं हाय, बरं हाय" म्हणते ते त्याला ऐकवायला, तुला नव्हे. भाऊजी गेल्यापासून ताईच्या घरातला कर्ता पुरुष मी, निदान रेशनकार्डावर तरी, म्हणून खरं ते मी कळवतो.

बुद्धघोष पुण्यात चाकांच्या फळीवरून त्या कोरड्या पोहण्याच्या तलावात पडला त्याला आता वर्ष उलटून गेलं. मानेला मार बसला, खांद्यांच्या खाली त्याला काही कळत नाही, हे तुला माहीत आहे. माहीत नाही ते हे, की बसायच्या जागी त्याला जखम झाली आहे. त्याला दुखलं नाही त्यामुळे कुणालाच कळलं नाही. ताईला चादरीवर डाग दिसला तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले, ती भरेपर्यंत बसवायचं नाही आणि दर दोन तासांनी कूस बदलायची, दिवसा आणि रात्रीही. मी म्हटलं, रात्री मी उठतो. तर ताई म्हणते, "तू झोप. तुला उद्या पोरांना शिकवायचंय." अकरावीला मराठी शिकवायला झोप झालेली असावी लागते, हा तिचा गैरसमज मी काढलेला नाही.

जखमेचं मूळ ती फुकट मिळालेली चाकांची खुर्ची. पाठीवर देणाऱ्या मंडळाचं नाव इतकं ठळक की बसायच्या भागाकडे बघायला त्यांना वेळ झाला नसावा. कापडाची झोळी आहे नुसती. घोष तिच्यात एका अंगाला कलंडतो आणि सगळा भार एका हाडावर येतो. जखम त्याच हाडावर.

आता माझा प्रश्न. गावात बातमी आहे की तू कॅमेरा विकलास आणि बारामतीच्या एमआयडीसीत सशाच्या तोंडाच्या कचराकुंड्या बनवतेस. मागच्या आळीतले अप्पा डोळ्यांनी पाहून आले म्हणे. स्केटबोर्ड हे खाण्याचं की घालण्याचं हे मला ठाऊक नव्हतं तेव्हापासून मी तुझ्या फोटोचं कात्रण स्टाफरूममध्ये फिरवत आलो. परदेशी मासिकात छापून आलेली आमची भाची. आता तिथं ससा कसा दाखवू? दुःखात माणूस काहीही करतं हे मला मान्य आहे. पण ससा?

तुझा,
रविंद्रमामा


बारामती एमआयडीसी
१८ नोव्हेंबर २०२३

ती. मामा,
सप्रेम जयभीम.

ससा खरा आहे. पेंग्विनही आहे, तो तुम्हाला आवडणार नाही. शेड माऊलीशेठची, काम फायबरचं. बागेतल्या घसरगुंड्या, ढाब्याच्या दारातले नमस्कार करणारे पुतळे, कचरा खाणारे प्राणी. इथं मी साचा काढायला शिकले, प्लास्टर ओतायला, फायबरचे थर द्यायला. ते मला हवं होतं, म्हणून कॅमेरा गेला.

तुम्ही स्टाफरूममध्ये फिरवता तो फोटो आठवा. घोष हवेत, गुडघे पोटाशी, फळी तळपायाला चिकटल्यासारखी, खाली तलावाची निळी फरशी. तो मी तलावाच्या तळाशी उताणी झोपून काढला होता. स्केटबोर्डिंगच्या फोटोची सगळी करामत तीच असते मामा, माणसाला वजनच नाही असं दाखवायचं. मी सहा वर्षं तेच केलं. तो खाली आदळतानाचा क्षण आम्ही कधी छापायचो नाही. तो मान मोडून पडला तेव्हा मी बॅटरी बदलत होते, त्यामुळे तोही माझ्याकडे नाही. तलावातून त्याला बाहेर काढायला चार माणसं लागली. तेव्हा पहिल्यांदा कळलं, माझा भाऊ इतका जड आहे. कॅमेऱ्याला वजन कळत नाही. मला ते कळून घ्यायचं होतं.

मला त्याच्यासाठी बैठक करायची आहे. दुकानातली नव्हे, त्याच्याच अंगावरून साचा काढून. खुर्चीची चाकं तीच राहतील, झोळी जाईल. जखम भरली की मी येईन, पण तो अंगाला हात लावू देईल असं वाटत नाही. दिवाळीत फोनवर विषय काढला तर म्हणाला, "आता मागून फोटो काढणार व्हय माझा?" तुम्ही बोलून बघाल का? तुमचं तो ऐकतो, निदान ऐकल्यासारखं करतो.

आणि जखमेचं मला इतक्या उशिरा कळवलंत याचा राग आला आहे. पुढं काही लपवायचं नाही. आईनंही नाही.

मेघना


इंदापूर
२८ जानेवारी २०२४

चि. मेघना,
सप्रेम जयभीम.

तू साचा घेऊन गेलीस आणि इथं आठवडाभर दुसरा विषय नाही. आळीतल्या प्रत्येकाला मी सांगून दमलो. थर्माकोलच्या दाण्यांची गादीएवढी पिशवी, तिच्यात घोषला बसवलं, धूळ ओढायच्या मशीननं पोरीनं पिशवीतली हवा ओढून घेतली, तशी ती दगडासारखी घट्ट झाली आणि त्याच्या पाठीचा, कमरेचा, मांड्यांचा खड्डा तसाच्या तसा धरून राहिली. मग त्याला उचललं आणि खड्ड्यात प्लास्टर ओतलं. लोक माना डोलावतात आणि विचारतात, "म्हंजी पुतळाच ना?" मी हो म्हणतो. आपल्याकडे पुतळा म्हटलं की पुढचे प्रश्न येत नाहीत.

तू अंगणात हात धुवायला गेलीस तेव्हा घोष मला म्हणाला, "मामा, खांदे दाबून धरले होते न्हवं तिनं, तितवर मला कळत होतं. हाताला घट्टे पडल्यात तिच्या. आधी नव्हते." नंतर म्हणाला, "चांगल्या फोटोग्राफरचे हात खराब केले मी."

दुसरं ताईचं. पिशवी सोडवून तू ती पांढरी पाठ उभी केलीस तेव्हा ती स्वयंपाकघरातून चहा घेऊन आली होती. कप तसेच हातात. म्हणाली, "एवढा वाळला व्हय गं माझा लेक." त्या पाठीला ती रोज सकाळी कोमट पाण्यानं पुसते, मेघना. तिला ते तेव्हा दिसलं.

जखम पूर्ण भरलेली आहे, तू पाहिलीसच. जागा गुलाबी आहे, नवजात पोरासारखी. आता तुझ्या बैठकीची वाट बघणं चालू आहे.

तुझा,
रविंद्रमामा


बारामती एमआयडीसी
२ एप्रिल २०२४

ती. मामा,
सप्रेम जयभीम.

बैठक शुक्रवारच्या टेम्पोनं पाठवते. पहिली चुकली होती, कमरेशी तडकली. ही दुसरी. बाहेरून फायबर, आतून फोम. लोकांना वाटतं हाडाखाली मऊ पाहिजे. तसं नाही, हाडाखाली मोकळं पाहिजे, म्हणजे भार मांड्यांवर आणि पाठीवर वाटला जातो. दोन महिने मी एकच काम करत होते मामा. त्याचं वजन अंगाच्या कुठल्याही एका जागी एकटं पडू नये.

माऊलीशेठ परवा उकिडवे बसून बराच वेळ तिच्याकडे बघत होते. म्हणाले, "ससा ह्या पोरीनंच केलता का?"

आता नीट वाचा. भरलेली कातडी कागदासारखी असते. पहिले दोन आठवडे सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास, त्याच्या वर नाही. त्यातसुद्धा मध्ये दोन-तीनदा त्याला पुढं वाकवायचं, खालची जागा मोकळी होऊ द्यायची. उतरवल्यावर कातडी बघायची. लाली लगेच गेली नाही तर दुसऱ्या दिवशी बसवायचं नाही. हे सगळं वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून सोबत पाठवलं आहे, तो त्याच्या पलंगाच्या वर भिंतीला लावा. त्याला दुखणार नाही, म्हणून दुखण्याच्या बदल्यात तो कागद आहे.

जयंतीला यायचं फार मनात होतं. पण इथल्या दोन मंडळांचे देखावे आमच्या शेडनं घेतलेत आणि चौदाच्या रात्रीपर्यंत ते उभे राहतील की नाही याचीच मला शंका आहे. तुम्ही सगळं नीट कळवा. तो बसल्यावर कसा दिसतो ते लिहा. फोनवर आई नुसती रडते.

मेघना


इंदापूर
१५ एप्रिल २०२४

चि. मेघना,
जयंतीच्या शुभेच्छा आणि सप्रेम जयभीम.

डीजेमुळे माझे कान अजून शिट्टी वाजवताहेत, तेव्हा अक्षर हललं तर समजून घे. यंदा आळीत मिरवणुकीपेक्षा मोठी गोष्ट घडली. बुद्धघोष बसला.

तसा रोज अर्धा-अर्धा तास बसतच होता. काल सकाळी त्यानंच विषय काढला. "मामा, पडून पडून जयंती नुसती ऐकली. औंदा मला बघायची हाय." मग काय, ताईनं ठेवणीतली पांढरी साडी काढली, त्याला पांढरा सदरा घातला, मी भांग पाडला. चौघांनी खुर्चीसकट उचलून त्याला विहाराच्या ओट्यावर नेलं, बाबासाहेबांच्या फोटोच्या उजव्या हाताला. ताठ. मान सरळ. वंदनेला सगळे खाली सतरंजीवर आणि हा वर, एखाद्या जिल्हाधिकाऱ्यासारखा. वंदना संपल्यावर रांग लागली. कुणी हात हातात घेतला, कुणी तोंडावरून हात फिरवला. अप्पांनी बोटानं बैठक ठोकून विचारलं, "ह्ये पाण्यात तरंगंल का?" घोष म्हणाला, "तुमी बसा, ढकलून बघू." अख्खा ओटा हसला.

नेते आले, नेहमीप्रमाणे दीड तास उशिरा. त्यांनी घोषला सत्कारमूर्ती समजून पहिला हार त्याच्या गळ्यात घातला आणि "आपल्यासारख्या तरुणांकडे पाहून" वगैरे सुरू केलं. कुणीच दुरुस्त केलं नाही. शेवटी दहावीत पहिल्या आलेल्या मुलीला हार कमी पडला, तेव्हा घोषनं आपला काढून द्यायला लावला. माझंही भाषण झालं. तुझ्याबद्दल चार वाक्यं बोललो, त्यातली दोन खरी होती.

चारला बसला तो दहाला उतरला. मध्ये ताई एकदा त्याला पुढं वाकवायला गेली, तर हळूच म्हणाला, "आई, समद्यांच्या म्होरं नको. आजच्या दिस माणसावानी बसू दे." आता तूच सांग, कोण वाकवणार? मीच ताईला खुणावलं, राहू दे. तुझा तो भिंतीवरचा कागद मी सकाळीच उलटा करून ठेवला होता, जयंतीची सुट्टी त्यालाही. आणि सहा तासांत पोरगा तसूभरही कलंडला नाही. तुझी बैठक म्हणजे काय चीज आहे हे काल कळलं. सशाबद्दल मी जे काही लिहिलं असेल ते मागे घेतो.

घरी आल्यावर ताई कितीतरी वेळ त्याच्या उशाशी बसून होती. दोघं नुसती हसत होती.

तुझा,
रविंद्रमामा


बारामती एमआयडीसी
२७ एप्रिल २०२४

मामा,

तुमचं पत्र मागच्या शनिवारी मिळालं. फार छान लिहिलं होतं. हाराचा भाग तर मी शेडमध्ये सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. मग "चारला बसला तो दहाला उतरला" आलं आणि मी पत्राची घडी घातली. माऊलीशेठ म्हणाले, "हां, मग पुढं?"

त्याच दुपारी मी आले. तिथं बोलता आलं नाही, तो ऐकत होता. म्हणून आता लिहिते.

जांभळा डाग तुम्हाला मुका मार वाटला. आईनं त्यावर हळद लावली. तो मार आतून बाहेर येतो. हाडाजवळचं मांस आधी मरतं, कातडी सगळ्यात शेवटी. गुरुवारी सोलापूरच्या डॉक्टरांनी ती जागा उघडली तेव्हा आत हाड दिसत होतं. आता ताप आहे, आणि तो जखमेचं विष रक्तात गेल्यामुळे आहे हे त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. तुम्हाला आणि आईला मी "औषध चालू आहे" एवढंच सांगितलं. लपवायचं नाही असं मीच लिहिलं होतं, माहीत आहे.

एक गोष्ट मनातून जात नाही. बैठक चांगली झाली होती म्हणून तो सहा तास बसू शकला. वाईट असती तर अर्ध्या तासात कलंडला असता, तुम्ही सगळे धावला असता, त्याला उतरवलं असतं. हे मी आठवडाभर स्वतःला सांगते आहे. आज तुम्हाला सांगितलं.

तो माणसासारखं बसू दे म्हणाला. मी तिथं असते तर मला त्याला वाकवणं जमलं असतं का, खरंच माहीत नाही. त्याचा राग नाही. कागद उलटा कशाला केलात?

सोमवारी पुन्हा सोलापूरला येते.

मेघना


इंदापूर
११ ऑगस्ट २०२४

चि. मेघना,
सप्रेम जयभीम.

तुझ्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. हॉस्पिटलात अडीच-तीन महिने आपण समोरासमोरच होतो आणि बोललो ते ताप, रक्ताच्या पिशव्या आणि कँटीनचा चहा याबद्दल. पण पत्र खिशात घेऊन फिरणं पुरे झालं, म्हणून बसलो लिहायला.

घोष गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा विधी उरकून तू परत गेलीस आणि घर एकदम मोठं झालं. भिंतीपलीकडून कुणी विचारत नाही, काय झालं. पाहुणे अजून येतात. परवा जागा नव्हती म्हणून एक जण खुर्चीत बसला आणि लगेच उठला. म्हणाला, "टोचतीया." घोषखेरीज कुणाच्या अंगाला ती बसतच नाही. ताई तिच्यावरची धूळ पुसते. तिला कागदाचं तूही सांगितलं नाहीस, मीही नाही. ती येईल त्याला सांगते, "माझ्या लेकीनं त्याला एक दिस तरी बसवला." मी मान हलवतो.

चौकातला श्रद्धांजलीचा फ्लेक्स तू पाहिलास आणि मान फिरवलीस. त्याची कथा सांगतो. पोरांनी तुझा तोच हवेतला फोटो दिला. फ्लेक्सवाल्या मोहनरावांनी पायाखालची फळी कापली, तलावही कापला, आणि खाली ढग लावले. मी विचारलं तर म्हणाले, "फळीमुळं पोरगं खेळतंय वाटायचं सर. दुःखाचं काही तरी पाहिजे ना." आणि खाली पन्नास चेहऱ्यांच्या ओळीवर "शुभेच्छुक" छापलेलं होतं, ते मी छपाईच्या आधी पकडलं. या वर्षातली माझी एवढीच साहित्यसेवा. साप्ताहिकात मी लिहायचो ते विनोदी सदर बंद केलं आहे. संपादक म्हणाले, थोडं हलकंफुलकं लिहा, बरं वाटेल. मी म्हटलं, एप्रिलमध्ये लिहिलं होतं.

फ्लेक्स उतरला. पण ताईच्या डोळ्यांसमोर आता तेच ढग आहेत. मला म्हणाली, "रवी, त्याचं त्वांड मला आठवतंय, पर बाकीचा त्यो न्हाय आठवत."

तुझा,
रविंद्रमामा


बारामती एमआयडीसी
३० ऑगस्ट २०२४

ती. मामा,
सप्रेम जयभीम.

शेडच्या कोपऱ्यात ती प्लास्टरची पाठ तशीच आहे, जिच्यावरून बैठक केली. पोत्यानं झाकून ठेवली होती. मागच्या आठवड्यात पुण्याच्या डिझाइन कॉलेजातल्या राजेश्वरी मॅडम घसरगुंड्यांचं काम बघायला आल्या, त्यांनी पोतं उचललं. मग विचारलं, हे कुणी घडवलं? मी म्हटलं, कुणी नाही. पिशवीनं धरलं, प्लास्टर भरलं. त्या म्हणाल्या, डिसेंबरच्या प्रदर्शनात हे मधोमध ठेवायचं, शेजारी बैठक. पुढं ब्राँझमध्ये ओतता येईल. मला तिथं शिकवायला यायचंही विचारलं, साचेकाम आणि अपंगांसाठीची आसनं.

कॅमेरा सोडल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी माझ्या कामाला नाव दिलं. मला आनंद झाला, आणि त्या आनंदाची लगेच लाजही वाटली. घोष असता तर म्हणाला असता, "बघ, मागून फोटो काढलासच."

शिकवायला मी जाईन बहुतेक. पाठीचं मात्र आईला विचारल्याशिवाय नाही. माझ्या सगळ्या फोटोंत तो हवेत आहे. वजन असलेला घोष एवढा एकच. तुम्ही विचारा तिला. आधी तिला हवा असेल तर तिच्याकडे पाठवते.

मेघना


इंदापूर
१९ नोव्हेंबर २०२४

चि. मेघना,
सप्रेम जयभीम.

पाठ सप्टेंबरात आली ते तुला कळवलं होतं, आणि ताईचं उत्तरही: "माझ्या लेकाची उघडी पाठ लोकांनी रांगा लावून बघायची व्हय? न्हाय." पण त्यानंतरचं मी कळवलं नाही, कारण वाटलं चार दिवसांत थांबेल. थांबलेलं नाही.

टेम्पोतून उतरवल्यावर ताईनं ती घोषच्या पलंगावर ठेवायला लावली. मला वाटलं, जागा म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर कोमट पाण्याचं भांडं, पंचा, आणि ती पाठ पुसतेय. वरपासून खालपर्यंत, मग कमरेच्या खाचेत, मग मांड्यांच्या मागे. मग पंचा पिळून पुन्हा. आणि दोन-दोन तासांनी तिला कुशीवर वळवते. सकाळी डावी, मग उजवी. प्लास्टर चांगलं जड आहे. मी मदतीला गेलो तर म्हणाली, "तुला त्याचं अंग धरता येत न्हाय. तू कमरंला झटका देतूस."

अप्पा एकदा दारात उभे राहिले आणि म्हणाले, "मुक्ताबाई, ह्ये काय, देव धुतल्यावानी? आपल्यात असतंय व्हय?" ताईनं मान वर केली नाही. "देव कुठला अप्पा. पोरगं हाय."

आता मुद्द्याचं. ती पाठ झिजते आहे. आधी मला भास वाटला. पण पंच्याला पांढरं लागतं, भांड्यातलं पाणी दुधासारखं होतं, ते ती जास्वंदीच्या मुळाशी ओतते. उजव्या खांद्याच्या हाडाची कड उन्हात स्पष्ट दिसायची ती आता बोथट झाली. असंच चाललं तर दोन-तीन वर्षांत तिथं एक पांढरी उशी उरेल. मेघना, तुझ्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं काम एक बाई पंच्यानं पुसून टाकते आहे, आणि मी मराठीचा मास्तर दारात उभा राहून बघतो आहे.

मी एक ठरवलं आहे. पुढच्या शनिवारी ताईला लोणी भापकरला आपल्या नात्यातल्या रंगुबाईकडं नेतो, तिची नात आजारी आहे म्हणून सांगीन. दोन दिवस मुक्काम. तू इथं येऊन साचा काढून घे. मग ब्राँझ कर, फायबर कर, काय करायचं ते. वर रंगाचा पातळ हात दिलास तर मूळ पाठही वाचेल. तिला काही कळणार नाही. तेवढं मला करू दे.

तुझा,
रविंद्रमामा


पुणे
२७ नोव्हेंबर २०२४

ती. मामा,
सप्रेम जयभीम.

शनिवारी आईला कुठं नेऊ नका. साचा काढायला अर्धा दिवस पुरतो, दोन दिवस लागत नाहीत, पण मी काढणार नाही.

कारणं लिहिते, कारण तुम्हाला ती हवी असतात. साचा काढायचा तर आधी पाठीला साबण आणि तेलाचा हात द्यावा लागतो, नाहीतर सुटत नाही. तो वास जात नाही. आई पंचा लावायच्या आधीच ओळखेल की कुणीतरी त्याच्या अंगाला हात लावला. आणि रंगाचा हात दिला तर पाणी आत जाणार नाही. तिला वाटेल, हा पाणी घेत नाही. घोषच्या शेवटच्या आठवड्यात तेच झालं होतं, तुम्ही तिथं होतात.

राजेश्वरी मॅडमना मी नाही कळवलं आहे. प्रदर्शनात नुसती बैठक जाईल. तीही आईनं दिली तर. मॅडम म्हणाल्या, बैठक रिकामी दिसेल. मी म्हटलं, हो.

झिजण्याचं मला पाठवतानाच माहीत होतं मामा. प्लास्टरला रोज ओला पंचा लागला तर ते जातंच. आधी खांद्याच्या कडा जातील, मग मणक्याची ओळ. कमरेची खाच सगळ्यात शेवटी, तिथं पंचा नीट पोचत नाही. ती त्याला दोन वर्षं पुसत होती आणि तो आतून जात होता, तिला दिसला नाही. आता दिसतंय. निदान तिच्याच हातानं, तिच्या समोर, तिच्या गतीनं जाऊ दे.

तुम्ही दारात उभे राहता ते मात्र बंद करा. आत जा. कमरेला झटका बसतो तो तुम्ही खांदा आधी उचलता म्हणून. एक हात खांद्याखाली, एक मांडीखाली, आणि दोन्ही बरोबर. आईला विचारा, ती दाखवेल.

रविवारी सकाळच्या गाडीनं येते. दुपारची कूस मी बदलीन, तेवढंच आईला बसून जेवता येईल.

मेघना